धुवायचा राहिलेला पिस्टन

उस्ताद इंजिनाला 'आप' म्हणायचा आणि मालकाला 'तू'. मालक कोण आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ऑटो ढकलत आणणारा असो की लाल दिव्याच्या गाडीतून उतरणारा साहेब, "काय बे, कायले आला?" हेच स्वागत. मग बॉनेट उघडलं की त्याचा आवाज एकदम खाली यायचा. "आप को ये तकलीफ कब से है?" असं तो चक्क इंजिनाला विचारायचा आणि थांबायचा. उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायचा. पहिल्यांदा आलेला माणूस तोंड फिरवून हसायचा. दुसऱ्यांदा आलेला हसत नसे, कारण पहिल्या खेपेला उस्तादनं सांगितलेला बिघाड तंतोतंत खरा निघालेला असायचा.

मीही त्याच्याविषयी इथे एकेरीत लिहिणार आहे. तोंडावर कधी माझी तेवढी हिंमत झाली नाही. पण त्याच्या लेखी 'तुम्ही' हा शब्द परक्यासाठी, किंवा ज्याच्याशी संबंध संपला त्याच्यासाठी होता. मला तो सुरुवातीपासून 'मास्तर' आणि 'तू' म्हणायचा. पुढे एका दुपारी त्यानं मला 'साहेब' आणि 'तुमी' म्हटलं. त्या दुपारचं सांगायचं म्हणूनच तर हे लिहायला बसलो.

मी तेव्हा यवतमाळात एका खासगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे खडू संस्थेचा, फळा संस्थेचा आणि मास्तर कोणाचाच नाही. दुपारचे तास संपले की सायकल काढायची आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत उस्तादच्या गॅरेजवर जाऊन बसायचं, हा माझा नेम. एक सरकी-तेलाचा कारखाना बंद पडला होता, त्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. भिंतींना अजून तेलाचा खवट वास यायचा. त्याचा बाप जिनिंगमध्ये फिटर होता, आजा बैलबंडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. मी डिप्लोमावाला, चार पुस्तकं वाचलेला. आपण याला काहीतरी नवं सांगायला जातो, अशी माझी समजूत होती. ती किती दिवस टिकली ते विचारू नका.

ती कापसाची वाईट वर्षं होती. अळी बोंडं आतून खायची, भाव आणखी खाली जायचा, खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस हलायच्या नाहीत. मग मुंबई-दिल्लीच्या गाड्यांचे ताफे यायचे, पाहणी करायचे, फोटो काढायचे आणि जायचे. त्यातली एखादी गाडी दर खेपेला उन्हात तापून बंद पडायची आणि लोक ती ढकलत उस्तादकडे आणायचे. "दिल्लीची गाडी अठी आली का गरम होते मास्तर," तो म्हणायचा. "वावर पाह्याची बिचारीले सवय नाई."

इंजिनाचा आवाज ऐकायला त्याच्याकडे वाळलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडी होती. हातभर लांब, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली. एक टोक इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. नागपूरच्या एका भल्या गिऱ्हाइकानं त्याला खरा स्टेथोस्कोप आणून दिला होता. तो त्यानं महिनाभर बकरीच्या गळ्यात अडकवून ठेवला. "यंदा पऱ्हाटीचा येवढाच उपेग होऊन राह्यला," असं म्हणून तो काडी कानाला लावायचा. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळत नसे.

रेडिएटरचं पाणी तो बोटानं चाखून पाहायचा. तेलाचा थेंब जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकायचा आणि डाग पसरेपर्यंत बिडी ओढत बसायचा. पण इंजिन पुसायला कापूस मात्र कधी वापरायचा नाही, गोणपाटाचे तुकडे वापरायचा. कापूस अंगावर घालायची चीज आहे, घाण पुसायची नाही, असं त्याचं म्हणणं. त्या वर्षांत कापसाची एवढी इज्जत राखणारा माणूस जिल्ह्यात दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही.

आता त्याच्या एका कायद्याकडे येतो. इंजिन उघडलं की सगळे भाग तो नव्या मांजरपाटावर मांडायचा, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. मोडलेला भाग मधोमध. मग घमेल्यात रॉकेल ओतून, त्यात ब्रश टाकून ते घमेलं तो जमिनीवर सरकवायचा. ज्याच्या चुकीनं तो भाग मोडला, त्यानं तो स्वतःच्या हातानं धुवायचा. काजळी निघून धातू दिसेपर्यंत. नंतर तो भाग भंगारात जाणार असला तरीही. तो धुतल्याशिवाय उस्ताद पुढच्या कामाला पान्हा लावत नसे.

मी एका डॉक्टरला पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारून इंजेक्टर धुताना पाहिलं आहे. डिझेलच्या गाडीत त्यानं पेट्रोल भरलं होतं. एक पुढारी मात्र अडून बसला. कूलंट आटलेलं असताना त्यानं जीप आर्णीपासून तशीच दामटली होती, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं होतं. "मी धुवू? माणसं आहेत माझी," असं म्हणाला. ती जीप उस्तादच्या आवारात अकरा महिने उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडीनं दोनदा पिल्लं काढली. बाराव्या महिन्यात पुढारी आला, उकिडवा बसला आणि हेड धुवून गेला. तो निवडणुकीत पडला त्यापेक्षा त्याला याचं जास्त लागलं असावं.

आणि हा कायदा फक्त दुसऱ्यांसाठी नव्हता. एकदा एका ट्रकच्या इंजिनात उस्तादकडून गोणपाटाची चिंधी राहून गेली आणि व्हॉल्व्ह वाकला. उस्ताद घमेलं घेऊन गॅरेजच्या फाटकात, भर रस्त्यावर जाऊन बसला. येणारा-जाणारा विचारायचा, तो सांगायचा, "माह्याकून झालं. मी धून राह्यलो." कामगार सुटण्याची वेळ होती, अर्ध्या एमआयडीसीनं पाहिलं.

"हे कशासाठी?" असं मी त्याला एकदा विचारलं.

"बोलून काय होते मास्तर? बोलनं त रेडूवर बी दिवसभर चालू राह्यते," तो म्हणाला. "मोडलेली चीज हातात घेतली का मानसाले समजते, आपन काय केलं थे."

मला ते तेव्हा फार आवडलं. वर्गात पोरांना सांगितलंही. स्वतःवर वेळ आली नव्हती, त्यामुळे आवडायला काही हरकत नव्हती.

त्याच वर्षांत बियाणं आणि औषधाचा एक मोठा व्यापारी गब्बर होत होता. त्याला आपण शेठ म्हणू, सगळे तेच म्हणायचे. अळी वाढली की फवारणी वाढायची, फवारणी वाढली की शेठ वाढायचा. मुकुटबनपासून महागावपर्यंत त्याचे एजंट होते. त्यानं मुंबईहून एक परदेशी गाडी आणली, सुपरचार्जरवाली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. आपलं साधं इंजिन लागेल तेवढी हवा स्वतः ओढतं, याच्यात हवा दाबून भरतात. म्हणून जोर जास्त. तशी गाडी जिल्ह्यात दुसरी नव्हती. उस्ताद तिला पाहून म्हणाला होता, "अळीनं घेऊन देल्ली शेठले."

गाडीवर ड्रायव्हर होता थावरा. महागावकडच्या एका तांड्यावरचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. शेतीवर घर चालेना म्हणून त्यानं आमच्याकडे सहा महिन्यांचा कोर्स केला होता. माझा विद्यार्थी. डिपस्टिक काढायची, पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची आणि मग तेल पाहायचं, हे त्याला मी शिकवलं. बाकीचे पहिल्याच खेपेला पाहून मोकळे व्हायचे. थावरा रोज सकाळी दोनदा काढायचा. लग्नात दारूच्या थेंबाला शिवायचा नाही, सकाळी गाडी काढायची आहे म्हणायचा. तांड्यावरचा तो पहिला पगारी ड्रायव्हर. त्या गाडीसह तो तांड्यावर गेला की म्हातारी माणसंही बाहेर येऊन उभी राहायची.

एका सकाळी शेठला मुकुटबनला जायचं होतं. थावरानं गाडी काढली, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर इंजिन खडखडून, निळा धूर ओकून बंद पडलं. शेठचा मुलगा पुण्याला शिकून परत आलेला होता. त्यानं घरी लगेच सांगून टाकलं की ड्रायव्हरनं तेल पाहिलं नाही, इंजिन कोरडं चालवून जाळलं. गाडी ट्रॅक्टरला बांधून लोहाऱ्याला आली. उस्तादनं मलाही बोलावलं. "ये मास्तर, अशी पाहुनी पुन्हा येनार नाई."

त्या दिवशी मी जे पाहिलं ते मला आजही क्रमानं आठवतं. उस्तादनं आधी डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेशी, थोडं काळं, पण जळका वास असलेलं. थावरा बाजूला हात जोडल्यासारखे धरून उभा होता. मग उस्तादनं चारही स्पार्क प्लग काढून ओळीनं ठेवले. तिसऱ्याचं टोक वितळलेलं. बाकीच्यांच्या पांढऱ्या चिनीमातीवर मोहरीहून बारीक, चमकणारे कण. त्यानं ते नखानं उचलून माझ्या तळहातावर ठेवले. "ॲल्युमिनियम," मी म्हणालो. "पिस्टनचं अंग हाय हे," तो म्हणाला.

मग त्यानं तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि घरून कापसाचा एक पुंजका मागवला. पुसायला नव्हे, पाहायला. पुंजका सायलेन्सरशी धरला, हलला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट शाबूत. मग तेल भरायच्या तोंडाशी धरला, तर पुंजका त्याच्या बोटांतून सुटून थेट छताकडे उडाला. भरलेली हवा पिस्टनमधून खाली उतरून तिकडून निघत होती. इंजिन उघडायच्या आधीच त्यानं सांगितलं की तिसऱ्या पिस्टनला भोक आहे.

भोक होतं. पिस्टनची एक कड मेणासारखी ओघळली होती आणि करंगळी जाईल एवढं भोक. पण क्रँकची बेअरिंगं त्यानं काढून मांजरपाटावर ठेवली, ती आरशासारखी स्वच्छ. तेल नसतं तर सगळ्यात आधी तीच खरवडली असती. हे वर्गात मीच शिकवतो.

"तेल व्हतं," उस्ताद म्हणाला. "मंग पिस्टन काहून जयला?" आणि तो सुपरचार्जरकडे वळला. त्याची पुली कोरी करकरीत होती. पट्टाही नवा. पट्टा ताणणारी चकती आधी जिथे बसायची तिथली खूण अजून उघडी होती, आता ती दोन बोटं सरकलेली. "थावरा, डिक्की खोल."

डिक्कीत, स्टेपनीच्या खाली, कागदात गुंडाळलेली जुनी पुली सापडली. ती मोठी होती. उस्तादनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. सगळं उलगडलं. लहान पुली लावली की पंप जास्त वेगानं फिरतो, हवा जास्त कोंबली जाते. त्या मानानं पेट्रोलही वाढवायला हवं, ते कोणी वाढवलं नव्हतं. अशा वेळी सिलिंडरमध्ये नीट जळण्याऐवजी स्फोट होतात, आतली आग चढत जाते आणि पिस्टन वितळतो. थावरानं हळूच सांगितलं की महिन्यापूर्वी छोटे शेठ गाडी एकटेच नागपूरला घेऊन गेले होते, तेव्हापासून तिचा आवाज वेगळा येत होता. आदल्या दिवशीही तेच घेऊन गेले होते, येताना ती टकटकत आली होती. "मी शेठले सांगतलं, आवाज येऊन राह्यला. थे म्हनाले, चाल तू."

तेवढ्यात छोटा शेठ आलाच. उस्तादनं त्याला पुली दाखवली, पिस्टन दाखवला आणि घमेलं त्याच्या पायाशी सरकवलं.

"तूच मोडलं. धू."

दोन्ही पुल्यांकडे पोरानं पाहिलं, थावराकडे पाहिलं नाही. "तेल नव्हतं गाडीत," असं म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी शेठची माणसं ट्रक घेऊन आली. इंजिनाचे भाग पोत्यात भरून, पुल्यांसकट, गाडी नागपूरला घेऊन गेली. फक्त जळका पिस्टन उस्तादनं दिला नाही. भंगारच ते, कोणी मागितलाही नाही. त्यानं तो तसाच काळा, दारावरच्या कोनाड्यात ठेवला.

इथपर्यंत मी बरा माणूस होतो.

शेठला आता एक अडचण होती. थावराला काढायचं तर तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, चार माणसं घेऊन विचारायला येणार. तो अख्खा तांडा आणि आजूबाजूचे तीन तांडे शेठकडूनच बियाणं घ्यायचे. ते बिथरायला नको होते. म्हणून त्याला शिक्क्याचा कागद हवा होता. शेठ आमच्या संस्थेच्या मंडळावर होता. मला कायम करायचा विषय त्या मंडळापुढे तिसरं वर्ष पडून होता. शेठनं मला घरी बोलावलं, चहा पाजला, माझ्या मुलीचं नाव विचारलं. धमकी नाही, लालूच नाही. "मास्तर, तुम्ही तज्ज्ञ. एक अभिप्राय लिहून द्या. खोटं लिहू नका हो. फक्त काय काय असू शकतं तेवढं लिहा."

मी लिहिलं. माझं वाक्य मला पाठ आहे. 'सदर इंजिनाची हानी तेलाची पातळी वेळीच न तपासल्यामुळे झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खाली सही आणि संस्थेचा शिक्का. या वाक्यात खोटं कुठे आहे ते दाखवा, असं मी स्वतःला घरी येताना रस्ताभर म्हणत होतो. असलं वाक्य लिहायला शिक्षण लागतं. उस्तादला ते सात जन्मांत जमलं नसतं.

नायक आला, बैठकीत बसला. शेठनं कागद वाचून दाखवला. नायक थावराला म्हणाला म्हणे, "तुह्याच मास्तरनं लिवलं बाप्पा, आता काय बोलतं?" आणि त्याला शेठच्या पाया पडायला लावलं. थावरा पडला. नोकरी गेलीच.

दोन दिवसांनी मी नेहमीसारखा लोहाऱ्याला गेलो. काही झालंच नाही असं वागायचं ठरवून गेलो होतो. चहा सांगितला गेला. उस्तादच्या हातात माझ्या कागदाची झेरॉक्स होती. तांड्यावर वाटायला शेठनं बऱ्याच काढल्या होत्या. उस्ताद मराठी सावकाश वाचायचा, शब्दाखाली बोट ठेवून. बोट शेवटच्या शब्दापाशी आलं तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"नाकारता येत नाही," तो म्हणाला. "याचा मतलब काय होते साहेब? तुमी सांगा."

साहेब. तुमी. कोणी कानाखाली मारली असती तर मी निदान हात तरी वर केला असता. मी म्हणालो, "उस्ताद, तसं काही त्यात..."

त्याच वेळी थावरा फाटकातून आत आला. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. मला पाहून त्यानं वाकून नमस्कार केला. मग उस्तादला म्हणाला, "थो पिस्टन कुठी हाय? धुवाले आलो."

थावरानंच कोनाड्यातून पिस्टन काढला, घमेलं ओढलं, रॉकेल ओतलं आणि उकिडवा बसला.

"तुनं मोडला?" उस्तादनं विचारलं.

"मले वाटे मी रोज तेल पाह्यतो. दोनदा काढून पाह्यतो," थावरा म्हणाला. "इथी तेल निघालं थे बी पाह्यलं. पन सरनं लिवलं त आसंनच काही. त्या दिवशी घाई व्हती. नसन पाह्यलं. मले आता आठवतच नाई उस्ताद. दोन दिस झाले, आठवून राह्यलो."

त्या माणसाला मी डिपस्टिक पाहायला शिकवलं होतं, आणि मीच त्याला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास शिकवला. मी तिथून चार हातांवर उभा होतो. हातात चहाचा ग्लास होता. 'थावरा, तू तेल पाहिलं होतंस' एवढे पाच शब्द होते. मी चहा प्यायलो. मला त्याची चव आठवते, साखर जास्त होती.

उस्तादनं थावराच्या हातातून पिस्टन ओढून घेतला. "तुनं नाई मोडला. मायच्यान सांगतो, तुनं नाई मोडला. घरी जाय."

थावरानं माझ्याकडे पाहिलं. उस्ताद काहीही म्हणो, कागद माझा होता. मी खाली पाहिलं. तो उठला, ब्रश झटकून जागेवर ठेवला आणि गेला. उस्तादनं पिस्टन परत कोनाड्यात ठेवला आणि घमेलं पायानं माझ्याकडे सरकवलं. मी सायकल काढली.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पेढे वाटले. लोहाऱ्याला जाणं कमी केलं, पण एकदम सोडलं असतं तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून अधूनमधून जायचो. उस्ताद खुर्ची पुसून द्यायचा. "बसा साहेब. चहा घेता?" आणि दर वेळी, न चुकता, रॉकेलचं घमेलं आणून माझ्या बुटांपाशी ठेवायचा. मी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. वरती पिस्टन तसाच काळा. अशी दोन वर्षं गेली असतील. मग मी जाणं सोडलंच.

थावरानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, हे मला इकडून तिकडून कळत राहिलं. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला घरी जाऊन विचारलं होतं. "मले तेल पाह्यता येत नाई," असं सांगून त्यानं त्याला परत पाठवलं. लायसन्स पेटीत टाकलं, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायला लागला. शेठच्या मुलानं दुसरी गाडी घेतली. अळी पुन्हा आली, मग गेली, मग वेगळ्या रंगाची आली.

निवृत्त झालो त्या वर्षी उस्ताद आजारी असल्याचं कळलं. हृदयाचं काहीतरी झालं होतं, नागपूरला दोन महिने राहून आला होता. मी पक्कं ठरवलं. जुना शर्ट घातला, तो खराब झाला तरी चालेल म्हणून. या वयातही शर्टाचा विचार आधी आला, काय सांगावं. शेड तेच होतं, पुढे त्याच्या मुलीनं स्पेअर पार्टचं दुकान टाकलं होतं. उस्ताद आत बाजेवर बसला होता, अर्धा झालेला. पऱ्हाटीची काडी उशाला.

मी बसलो नाही. म्हणालो, "उस्ताद, घमेलं कुठे आहे? पिस्टन धुवायला आलो."

मग त्यानं हनुवटीनं कोनाडा दाखवला. मी हात वर करून पिस्टन काढला.

तो लख्ख होता. काजळीचा कण नाही. रिंगांच्या खाचा काडीनं कोरून साफ केलेल्या. भोकाची वितळलेली कडसुद्धा घासून चकचकीत केलेली.

"मी नागपूरले व्हतो तवा थावरा आला," उस्ताद म्हणाला. "पोरीले मालूम नाई. तिनं म्हटलं, आला आसन कोनी धुवाले, देऊन देला. दोन घंटे बसला म्हने. उठला अन् पोरीले म्हने, आता माहा जीव हलका झाला."

मी पिस्टन हातात धरून उभा होतो. मला रडू आलं, पण ते उस्तादसमोर दाखवायची माझी लायकी नव्हती.

"ठुवून दे वरतं," तो म्हणाला. "तुह्यासाठी ठुवला व्हता. थो धून गेला."

इतक्या वर्षांनी त्यानं मला 'तू' म्हटलं होतं. त्यानं मला माफ केलं असं क्षणभर वाटलं. पण तो पुढं बोलत होता.

"जित्ता हाय थो अजून. तांड्यावरच हाय. जाऊन सांग त्याले. महागावची गाडी सव्वादोनले राह्यते."

मी तिथून सरळ बसस्टँडवर गेलो. सव्वादोनची गाडी लागली होती. खिडकीजवळची जागा मोकळी होती. मी फलाटावर उभा राहून विचार करू लागलो, आणि विचार करायला मी शिकलेलो आहे. त्याचा जीव हलका झालाय, तो पुन्हा कशाला जड करायचा? म्हातारपणी त्याला कशाला कळवायचं की आयुष्य उगाच गेलं? मी सांगितल्यानं त्याला त्रासच होईल, ही शक्यता नाकारता येत नाही. कंडक्टरनं दार ओढलं, गाडी निघून गेली. मी घरी आलो आणि शर्ट बदलला.

उस्ताद त्याच हिवाळ्यात गेला. मातीला मी गेलो होतो. आता मला घमेलं पुढे करणारं कोणी उरलं नाही. थावरा अजून आहे, परवाच त्या बाजूच्या एका माणसाला विचारून खात्री करून घेतली. सव्वादोनची गाडी अजून सुटते. आज हे लिहायला बसलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आता तीन वाजत आले आहेत.